जुन्या गोव्याचं लाल चर्च मुळात लाल नव्हतं: बॉम जेझूसच्या दोन खेपा

रेघोट्या

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आम्हाला एका सत्रात जुनी इमारत टेप लावून मोजायची आणि दगड न् दगड कागदावर उतरवायचा असतो. चिठ्ठ्या टाकल्या, आमच्या गटाला जुन्या गोव्याचं बॉम जेझूस आलं. बाकीचे गट म्हणाले, मजा आहे बुवा तुमची. तारीख बघितली तर जुलै. वेळापत्रक करणाऱ्याने कोकणचा जुलै फक्त कवितेत वाचला असावा.

करमळीला उतरलो तेव्हाच बुटांत पाणी होतं. चर्चसमोर पोचलो आणि खरं सांगते, थबकले. फोटोत शंभरदा पाहिलेली इमारत ओली असताना वेगळीच दिसते. जांभ्याचा रंग एरवी विटकरी, भिजल्यावर तो जवळजवळ काळपट तांबडा होतो. पश्चिमेकडे तोंड केलेला ७५ फूट रुंद आणि साधारण साडेअठ्ठ्याहत्तर फूट उंच दर्शनी भाग. खाली तीन दरवाजे, वर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यांच्या वर कोरीव चौकटीत येशूसंघाची (म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या संघाची) मुद्रा. खांब, चौकटी, पट्टे काळ्या बेसाल्टचे, मधला सगळा ऐवज जांभ्याचा. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल पांढरंशुभ्र. मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं, "मटेरियलचा प्रामाणिकपणा". (आमच्याकडे हे दोन शब्द लिहिले की दोन मार्क जास्त मिळतात.)

मग दुपारी पाऊस आडवा आला आणि मला दुसरं काही करता येईना म्हणून मी तीन तास भिंत बघत बसले. इमारत बघायला एवढा वेळ कधी मिळतो? पाणी बेसाल्टवरून ओघळतं, थेंब सुटे दिसतात. जांभ्यावर ते ओघळतच नाही, आत जातं. भिंत पाणी पिते, अगदी ढेकर येईस्तोवर. भोकाभोकांत शेवाळ, एका सांध्यात नेचाचं बारकं रोप. जवळ जाऊन काळ्या दगडाची कड चाचपली तर अजून नखाला लागेल इतकी धारदार, आणि तिला लागून असलेला जांभ्याचा चिरा माझ्या करंगळीच्या पेराएवढा आत गेलेला. चारशे वर्षांत एवढी झीज! मी ती फुटपट्टीने मोजली, वहीत लिहिली, आणि संध्याकाळी वाचायला बसले तेव्हा कळलं की हा उघडा जांभा मुळी चारशे वर्षांचा नाहीच.

१९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली जुन्या गोव्यात डागडुजी झाली, तेव्हा या चर्चचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला. म्हणजे १५९४ ला काम सुरू झालं, १६०५ ला चर्च वापरात आलं, आणि पुढची साडेतीनशे वर्षं ते समोरच्या से कॅथेड्रलसारखंच पांढरं होतं. ज्या लाल भिंतीवर आपण सगळे फिदा, ती आपल्या आजोबांच्या वयाची. माझे दोन मार्क गेले.

ही झाली पहिली खेप. दुसऱ्यांदा मी एकटीच गेले, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. ३ डिसेंबरला येशूसंघाचा धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर याचं फेस्त, म्हणजे सण, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. नोव्हेना सुरू होते २४ नोव्हेंबरला, आणि या चर्चच्या बांधकामाला सुरुवात झाली तीही २४ नोव्हेंबरलाच, हे ड्रॉइंगच्या मथळ्यात तारीख लिहिताना लक्षात आलं. जुलैत जी इमारत आम्हा आठ जणांची होती ती आता ओळखू येईना. बाहेर मांडव, मेणबत्त्यांचे ठेले, पिवळ्या फुलांच्या माळा, खाज्यांचे ढीग. आणि रांग.

मीही रांगेत लागले. माझ्या पुढे सावंतवाडीकडून चालत आलेल्या बायका होत्या. एकीच्या टाचेला चिकटपट्टी, हातात चपला. बोलणं मालवणीत, मध्येच कोंकणीत. "आमचो सायब" म्हणत होत्या. गोव्यात झेवियरला गोंयचो सायब म्हणतात हे माहीत होतं, पण सिंधुदुर्गातली बाई "आमचो" म्हणते तेव्हा ते वेगळं ऐकू येतं. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी दरवाजात आल्या आणि त्यांनी चौकटीच्या काळ्या दगडाला हात लावून तो छातीला लावला. आपण उंबऱ्याला लावतो तसाच. मी वळून बघितलं तर त्या उंचीवर दगड गुळगुळीत होता, तुळतुळीत म्हणा हवं तर. वर हात पोचत नाही तिथे छिन्नीचे घाव तसेच. जुलैत मी हीच चौकट मोजली होती! रुंदी, जाडी, सगळं. हे दिसलं नव्हतं.

आतलं थोडक्यात सांगते, कारण आतल्या सोन्याबद्दल सगळेच लिहितात. एकच लांब दालन, १८३ फूट लांब, ५५ रुंद. बाजूला वेगळी दालनं नाहीत, खांबांचं जंगल नाही. प्रवचन सगळ्यांना दिसलं-ऐकू आलं पाहिजे हा येशूसंघीयांचा हिशोब. समोर सोनेरी वेदी. गंमत म्हणजे चर्च बाळ येशूचं, पण बाळ येशू खाली इवलासा, आणि वर येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला केवढा थोरला, नजर आणखी वर. वास्तूचा मालक कोण आणि कारभारी कोण ते लगेच समजतं.

आणि यात्रेकरू यातलं काहीच बघत नाहीत. सगळे उजवीकडे वळतात. तिथे उंच संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची पेटी, तीत झेवियरचं शव. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला, १५५४ ला शव गोव्यात आणलं. पेटी गोव्याच्या चांदीकारांनी १६३६-३७ मध्ये केली, चौथरा फ्लॉरेन्सचा, १६९८ ला इथे उभारला. नकाशात बघाल तर ही एका बाजूची खोली. इमारतीचा अक्ष वेदीकडे बोट दाखवतो आणि माणसं काटकोनात वळून भलतीकडे जातात. आमच्या विषयात याला चूक म्हणतील. मला ते फार आवडलं.

तर प्रश्न असा: या भिंतीला पुन्हा गिलावा करावा का? गोव्यात यावर वाद आहे. मी ड्रॉइंगमध्ये काय दाखवू?

---

शंकासूर

लेखन आवडलं. फोटो दिसत नाहीयेत.

---

चिरेखाण

छान लिहिलंय. आमची कुडाळजवळ चिऱ्याची खाण होती, वडिलांपर्यंत. म्हणून चार शब्द.

चिरा खणून काढतात तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की कडक होतो. त्यामुळे लोकांना वाटतं उघडा ठेवला की उत्तमच. आता शहरातले लोक येऊन कोकणात बंगले बांधतात, उघडा चिरा, वर पारदर्शक रंग, "कोकणी लूक". आमच्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर विचारलं असतं, पैसे संपले काय मधेच?

चिरा उघडा राहतो, पण कधी? वर छप्पर दोन-अडीच हात बाहेर आलेलं असेल तेव्हा. वळचणीखाली भिंत भिजतच नाही, पागोळ्या अंगणात पडतात. तरीही आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे. तुमच्या चर्चच्या दर्शनी भिंतीला वळचण आहे का? फोटो दिसत नाहीत पण माझ्या आठवणीप्रमाणे भिंत छपराच्याही वर गेलीय.

---

रेघोट्या

@शंकासूर, फोटो पुन्हा चढवते.

@चिरेखाण, अहो, हेच! दर्शनी भिंत छपराच्या वर जाते आणि तिला एक इंचाची वळचण नाही. काळ्या दगडाचे आडवे पट्टे आहेत, पाणी थोडं फेकतात, पण ७८ फुटांच्या मानाने ते काहीच नाही. म्हणजे गिलावा हीच त्या भिंतीची वळचण होती. हे वाक्य मी ढापणार, परवानगी आहे ना?

---

चिरेखाण

घ्या. खाणीची रॉयल्टी नाही लागत.

---

वसईवाला

धाग्यात आमच्या गावाचं नाव कसं आलं नाही अजून? तो काळा दगड वसईहून गेलाय! जांभ्यावर नक्षी टिकत नाही, धार येत नाही, म्हणून कोरायचा दगड उत्तरेतून जहाजाने नेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांची, १५३४ पासून. आमच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून उभा आहे, छप्पर नाही, आत गवत. दरवाजाभोवतीचं दगडकाम बघा, बॉम जेझूसची थोरली बहीण वाटेल.

मी स्वतः वसईचा कॅथलिक. घरात सामवेदी बोली बोलतो, प्रार्थना मराठीत. आमच्याकडे जास्त करून गोन्सालो गार्सियाचं नाव, तो वसईत जन्मला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. पण लहानपणी एकदा आजी सायबाला घेऊन गेली होती. मला आठवतंय ते एवढंच की पेटी फार उंच होती आणि मला काही दिसलं नाही. आजी म्हणाली, त्याला तू दिसलास ना, झालं मग.

---

पानगळ

वसईवाला, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा.

आणि उलट वाहतूकही सांगा की. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशकात नारोशंकराची प्रसिद्धच. दगड दक्षिणेला, घंटा पूर्वेला.

---

शंकासूर

फोटो अजूनही दिसत नाहीत, पण असो.

मला मुद्द्याचं बोलू द्या. सायब, आजी, गुळगुळीत चौकट, सगळं हृद्य आहे. पण ज्यांच्या पेटीपुढे ही रांग लागते त्यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं होतं. ते १५६० ला आलं आणि कायमचं गेलं १८१२ ला. आमचं कुलदैवत मंगेश. त्याच १५६० मध्ये मूर्ती कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदी ओलांडून प्रियोळला न्यावी लागली. विद्यार्थिनीने वास्तू बघताना हे वगळावं का?

---

रेघोट्या

वगळू नये. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि लेखात ते यायला हवं होतं. मी भिंतीत अडकले.

फक्त एक. मी दुसऱ्या खेपेत मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गाही बघून आले. शांतादुर्गेचं आत्ताचं देऊळ १८ व्या शतकातलं, शाहू महाराजांच्या काळातलं. ते बघताना चक्रावले, कारण शिखराच्या जागी घुमट, भिंतींवर अर्धस्तंभ, गोल कमानीच्या खिडक्या, आत झुंबरं. ज्यांच्यामुळे देवाला गाव सोडावं लागलं त्यांच्याच चर्चची भाषा घेऊन देवाचं नवीन घर बांधलंय. याचं काय करायचं ते मला कळत नाही. चीड येते, आणि घुमट सुंदरही वाटतो.

---

मांडवीकाठ

मी गोव्याची. हिंदू. आमच्या घरचं कुलदैवतही स्थलांतरितच. तरीसुद्धा माझी आई दर ३ डिसेंबरला जुन्या गोव्याला जाते, मेणबत्ती लावते आणि येताना खाजें आणते. तिला पत्र-बित्र सगळं माहीत आहे, ती इतिहासाची शिक्षिका होती. एकदा विचारलं तर म्हणाली, "तुझा प्रश्न बरोबर आहे. पिशवी धर." आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बायमाईही आमच्या चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचं) सामान आणून देतात. यातून इतिहास पुसला जात नाही, आणि इतिहासामुळे आई जायचीही थांबत नाही.

गिलाव्याबद्दल: गोव्यात घराघरात दोन पक्ष आहेत. माझ्या पिढीने चर्च लालच पाहिलंय. ते पांढरं झालं तर आम्हाला परकं वाटेल हेही खरं. दर दहा वर्षांनी शव दर्शनासाठी खाली आणतात, मागच्या वेळी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५, तेव्हा पेटी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये असते. त्या सगळ्या मिरवणुकीच्या फोटोंत मागे ही लाल भिंत. ती आता पोस्टकार्ड झालीय.

---

जुनागवंडी

मी संवर्धनाच्या कामांवर असतो, आता निवृत्तीला आलोय. उशिरा पोचलो.

रेघोट्या, तुझ्या लेखात एक चूक आहे आणि ती फार चांगली चूक आहे. काळ्या दगडापेक्षा चिरा करंगळीच्या पेराएवढा आत आहे, ती सगळी झीज नव्हे. थोडी आहे, सत्तर पावसाळ्यांची असणारच. पण गवंडी कोरीव दगड मुद्दामच भिंतीच्या पुढे ठेवतो, गिलाव्याची जाडी सोडून. मग गिलावा त्या दगडाच्या कडेला येऊन टेकतो आणि पृष्ठभाग जवळजवळ सपाट होतो, काळी नक्षी तेवढी उठून दिसते. तू जे मोजलंस ती न दिसणाऱ्या गिलाव्याची जागा आहे. पुन्हा बघ, खिडकीच्या आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे खाच किती आहे? तिथेही तेवढीच असेल तर तो गिलाव्याचा पुरावा.

दुसरं, गिलावा म्हणजे सिमेंट नव्हे, हे हात जोडून सांगतो. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही. आत शिरलेलं पाणी आतच कुजवत बसतं आणि चिऱ्याचा भुगा होतो. चुना श्वास घेतो. गोव्यात शिंपल्या भाजून चुना करत, तो मुरवायचा. आणि चुन्याचा गिलावा झिजण्यासाठीच असतो. दर काही वर्षांनी त्याने झिजायचं आणि आपण परत लावायचा, म्हणजे दगड झिजत नाही. छत्री फाटते म्हणून कोणी छत्री टाकून डोकं भिजवत नाही.

छप्पर आणि गिलावा गेल्यावर जांभ्याचं काय होतं ते बघायला लांब जायला नको. पलीकडच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा आहे. १८३५ ला ओस पडला, १८४२ ला छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. ४६ मीटर उंच होता. बॉम जेझूसला छप्पर आहे, माणसांचा राबता आहे, त्यामुळे तशी वेळ आलेली नाही.

---

पानगळ

फ्लॉरेन्सच्या चौथऱ्याची गोष्ट कोणीच सांगितली नाही? टस्कनीच्या ग्रँड ड्यूकला, तिसऱ्या कोझिमोला, झेवियरच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली. त्या उशीच्या बदल्यात त्याने फोग्गिनी या शिल्पकाराकडून संगमरवरी चौथरा करवून घेतला, दहा वर्षं लागली, मग तुकड्यातुकड्यांनी जहाजातून गोव्याला. उशीच्या बदल्यात समाधी. सौदा कोणाला परवडला ते ठरवा.

---

शंकासूर

उशीवाल्याला. उशी हलकी, जहाजभाडं कमी.

फोटो दिसले. पाचवा, हात लागून गुळगुळीत झालेल्या चौकटीचा, चांगला आहे. मांडवीकाठ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

---

रेघोट्या

@जुनागवंडी काका, मी जाऊन आले. खरंच. शनिवारी रात्रीच्या गाडीने गेले, रविवारी परत. मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) चालू होती म्हणून बाहेर थांबले, संपल्यावर मधल्या दरवाजाच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, जिथे पाऊस पोचतच नाही, तिथे मोजलं. खाच आहे. बाहेरच्या मानाने थोडी कमी, पण स्वच्छ, सरळ, आणि एका कोपऱ्यात नखाएवढा पांढरा थर चिकटलेला. मी हात लावला नाही. रखवालदार काका माझ्याकडे संशयाने बघत होते, कारण जुलैपासून ही मुलगी तिसऱ्यांदा त्याच चौकटीला नाक लावून उभी आहे. त्यांना सांगितलं चुना बघतेय. ते म्हणाले, इतकी माणसं सायबाक पळोवंक (बघायला) येतात, तूं चुनो पळय.

ड्रॉइंग दिलं काल. भिंत आहे तशी काढली, चिऱ्याचे सांधे, शेवाळ, नेचाचं रोपसुद्धा. आणि काळ्या दगडाच्या कडेपासून कडेपर्यंत एक तुटक रेघ ओढली, गिलावा जिथे होता तिथून. सरांनी त्या रेघेवर लाल पेनाने गोल करून लिहिलंय, "हे कुठे दिसलं?"

सोमवारी तोंडी आहे. फोटो नंबर नऊ घेऊन जाणार.

---

चिरेखाण

नऊ नंबरचा दिसत नाहीये.